अब्बांची मारुती

अब्बांनी १९९४ मध्ये जुनी मारुती ८०० घेतली तेव्हा चाचा भडकले. "भाईजान, संजय गांधींची गाडी आपल्या दारात?" आणीबाणीतली नसबंदीची धास्ती ते विसरले नव्हते. अब्बाही नव्हते.

खरे तर संजय गांधींनी गाडी कधी बाजारात आणलीच नाही. १९७१ साली निघालेली त्यांची कंपनी न्यायालयाने १९७८ मध्ये गुंडाळायला लावली. १९८० मध्ये ते गेले. मग सरकारने कारखाना ताब्यात घेतला, १९८२ मध्ये जपानच्या सुझुकीशी करार केला आणि १४ डिसेंबर १९८३ रोजी, मुलाच्या जन्मदिनीच, इंदिरा गांधींनी पहिल्या ग्राहकाला किल्ली दिली. म्हणजे नाव त्यांचे, पण तीन सिलिंडरचे ७९६ सीसी इंजिन सुझुकीचे. हे चाचांना कोण सांगणार!

अब्बा महिन्यातून एकदा प्लग काढून पॉलिश पेपरने घासत, ऑइलची पट्टी पुसून पाहत. मी टॉर्च धरायचो. पेट्रोलचा हिशेब वहीत.

एका रात्री चाचांच्या छातीत दुखू लागले. ते निमूट मागच्या सीटवर बसले. चार दिवसांनी त्याच गाडीतून घरी आले. उतरताना विचारले, "ॲव्हरेज किती देते?"