मरे नदीचा हरवलेला वसंत

नदी आटली तर ती सर्वांस दिसते. तिचा ऋतू बदलला तर तो पाहावयास झाडे व मासे यांजकडेच जावे लागते. ऑस्ट्रेलियाच्या आग्नेय भागातील मरे नदीचे असेच झाले. मराठी कानास हे नाव अशुभ वाटेल खरे. परंतु ते सर जॉर्ज मरे ह्या ब्रिटिश वसाहतमंत्र्याचे असून, कॅप्टन स्टर्ट ह्याने १८३० साली होडीतून प्रवास करीत असता नदीस दिले. काठच्या यॉर्टा यॉर्टा लोकांत तिला धुंगाला हे नाव पूर्वीच होते. पण विचारतो कोण?

ह्या काठचा राजा म्हणजे रेड गम हा वृक्ष, आपल्या नीलगिरीचा सगोत्र. त्याचेही दैव तसेच. १८३२ मध्ये त्याचे शास्त्रीय नामकरण झाले, ते इटलीत नेपल्सनजीक कामाल्दोली येथील बागेत वाढलेल्या झाडावरून; म्हणून हा ऑस्ट्रेलियन वृक्ष कागदोपत्री कायमचा कामाल्दोलीकर झाला! मूलनिवासी त्याच्या सालीच्या होड्या करीत. साल सोलल्याचे व्रण काही वृद्ध वृक्षांवर अद्याप दिसतात.

हा वृक्ष जगतो पुरावर. हिवाळ्यातील पाऊस आणि पर्वतांवरचे वितळते बर्फ यांमुळे तिकडील वसंतात, म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास, पाणी रानात शिरे. ते ओसरले म्हणजे ओल्या गाळात बी रुजे. बार्माच्या रानातील मोइरा गवतास तर कित्येक महिने पाण्यात उभे राहावे लागते. (हे गवत भारतातही आढळते.) नदीत पडलेल्या रेड गमच्या ओंडक्यांत मरे कॉड हा प्रचंड मासा आसरा घेई व अंडी घाली. १८५३ पासून आगबोटी सुरू झाल्या. त्यांची वाट मोकळी करण्यासाठी ओंडके उपसण्यात आले, आणि माशाचे घर गेले.

पुढे ऋतूचीच पाळी आली. ह्याचा दोष केवळ लोभास देणे आम्हास न्याय्य वाटत नाही. १९१४-१५ च्या अवर्षणात नदीची ठिकठिकाणी डबकी झाली होती. अशा देशात शेतकऱ्याने धरण मागितले यात नवल ते काय? ह्यूम धरणाचे काम १९१९ साली सुरू होऊन १९३६ साली पुरे झाले. ते हिवाळा-वसंताचे पाणी अडविते आणि उन्हाळ्यात कालव्यांकरिता सोडते. त्यामुळे पुराच्या दिवसांत नदी रोडावते आणि ओसरण्याच्या दिवसांत भरून वाहते. धरणाच्या तळचे थंड पाणी कॉडच्या विणीस बाधते, ते वेगळेच. पाण्याच्या वाटणीत तीन प्रांतांचे हिस्से ठरले. रानाचा हिस्सा कोणी धरलाच नव्हता. बार्मात पूर उथळ झाला तेथे रेड गमनेच मोइराच्या कुरणांवर आक्रमण केले, तर १९९७ ते २००९ च्या दीर्घ अवर्षणात नदीच्या खालच्या अंगास तेच वृक्ष रांगांनी वाळले. मरे कॉडची गणना २००३ साली धोक्यातील जातींत झाली.

२०१० साली नदीस पाणी परत देण्याच्या योजनेचा प्राथमिक आराखडा निघाला, तेव्हा ग्रिफिथ गावी शेतकऱ्यांनी त्याच्या प्रती जाळल्या. तरीही २०१२ च्या योजनेने दरसाल २,७५० अब्ज लिटर पाणी नदीस द्यावयाचे ठरविले आणि सरकारने पाण्याचे हक्क विकत घेतले. बार्माच्या रानात आता वसंतात दरवाजे उघडून पाणी सोडतात. किती सोडले, याची नोंद वहीत होते.