गाणं एकाचं, गळा दुसऱ्याचा



'पोग्ज' बँडची बरीच गाणी शेन मॅकगोवनची. पण १९८८ च्या अल्बममधलं 'थाउझंड्स आर सेलिंग' लिहिलं गिटारवाल्या फिलिप शेव्हरॉनने. शेव्हरॉन अस्सल डब्लिनकर. शेन जन्मला इंग्लंडात, आयरिश आईबापांच्या पोटी. म्हणजे देश सोडून जाणाऱ्यांचं गाणं गायलं ते बाहेर जन्मलेल्या पोराने! (आपली पोरं आठवली ना?)

१८४० च्या दशकातल्या दुष्काळात अमेरिकेच्या वाटेवर इतके लोक मेले की त्या बोटींना 'शवपेटी जहाजं' नाव पडलं. गाण्यात ती आहेत, आणि १९८० च्या दशकातले नवे स्थलांतरितही. विषय मरणाचा, पण मधेच असा खवचट टोमणा येतो की हसू फुटतं. अंधाऱ्या खोलीत राहून घरी झकास पोस्टकार्डं धाडणारे त्यात भेटतात. मीही पहिल्या हिवाळ्यात आईला फोनवर "मजेत आहे गं" असंच सांगायचो.

१९९१ मध्ये शेनला बँडमधून काढलं, २००१ मध्ये सगळे पुन्हा जमले. मग हे गाणं शेव्हरॉन स्वतः म्हणू लागला. २००७ मध्ये त्याला घशाचा कॅन्सर झाला, त्यातून उठून तो परत स्टेजवर आला. २०१३ मध्ये तो गेला, शेन २०२३ मध्ये.

मला अजून शेनचंच जास्त आवडतं. शब्द अर्धे कळत नाहीत, तरीही.