वजनावरून मोजणी : एका परिषदेची गोष्ट



रसायनशास्त्रावर बोलावयास कामगार चळवळीतला माणूस कशाला उभा राहिला, असे आपणांस वाटेल. आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि युनियनच्या कचेरीत अधिक झाले. तथापि आजचा विषय आम्हांला प्रथम भेटला तो कारखान्यातच.

एका कारखान्यात स्क्रूची मजुरी नगावर होती, पण नग मोजीत काट्यावर. एका स्क्रूचे वजन ५ ग्रॅम धरून २० किलोंचे ४,००० नग मांडले जात. आम्ही १०० नग हाताने मोजून तोलले. भरले ४०० ग्रॅम. म्हणजे नग होते ५,०००! काटा खरा होता. खोटे होते ते एका नगाचे धरलेले वजन.

रसायनशास्त्रातही सुमारे पन्नास वर्षे असाच तंटा चालला होता. रेणू हाताने मोजता येत नाहीत. पदार्थ तोलता येतो. म्हणून पदार्थाच्या वजनाला त्याच्या एका मोलाच्या वजनाने भागावयाचे. पाणी ३६ ग्रॅम, भागिले १८, उत्तर २ मोल. आज शाळेतली मुले हे गणित करतात. परंतु हे १८ आले कोठून?

विणकराचा मुलगा जॉन डाल्टन याने अणुवाद मांडला. हायड्रोजनचा एक आणि ऑक्सिजनचा एक अणू मिळून पाणी होते, असे त्याने धरले. पाण्यात वजनाने १ भाग हायड्रोजनला ८ भाग ऑक्सिजन असतो. तेव्हा त्या हिशेबाने पाण्याचा आकडा ९, आणि ३६ ग्रॅमचे मोल चार! पुढे १८०८ साली गे-ल्युसॅकने दाखविले की, दोन मापे हायड्रोजन व एक माप ऑक्सिजन मिळून वाफेची दोन मापे होतात. त्यावरून १८११ साली इटलीतील आव्होगाद्रोने सांगितले : समान तापमानात व दाबात सर्व वायूंच्या समान मापांत रेणूंची संख्या समान असते. मग पाण्यात हायड्रोजनचे अणू दोन, ऑक्सिजनचा आकडा १६ आणि पाण्याचा १८.

पण ऐकतो कोण? एकाच जातीचे दोन अणू एकमेकांस धरून कसे राहतील, असा थोरामोठ्यांचा आक्षेप होता. आव्होगाद्रो १८५६ साली वारला, तेव्हाही त्याचे म्हणणे अडगळीतच पडले होते. घोटाळा इतका वाढला की, १८६१ च्या आपल्या ग्रंथात केकुलेने एका ॲसेटिक आम्लाची प्रचारात असलेली १९ सूत्रे छापली.

या घोटाळ्याचा निकाल लावण्यासाठी सप्टेंबर १८६० मध्ये जर्मनीतील कार्ल्सरूहे येथे शंभराहून अधिक रसायनज्ञ जमले. तेथे कानिझारो बोलला. हा सिसिलीचा, १८४८ च्या क्रांतीत सामील झालेला आणि ती फसल्यावर काही काळ परागंदा झालेला. आव्होगाद्रोच्या आधारे अणुभार कसे ठरवावेत, हे त्याने १८५८ सालीच लिहून ठेवले होते. परिषद सर्वमान्य निर्णयावाचून संपली. परंतु निघता निघता त्याचा मित्र पावेसी याने त्या लेखाच्या पुस्तिका वाटल्या. लोथार मायरने ती वाचली आणि त्याच्या शंका फिटल्या. परिषदेला तरुण मेंडेलेयेव्हही हजर होता; १८६९ साली त्याने आवर्तसारणी मांडली, ती याच दुरुस्त अणुभारांच्या पायावर.

‘मोल’ हा शब्द पुढे ओस्टवाल्डने रूढ केला. आपल्या मराठी मोलाशी त्याचे नाते नाही, पण आमच्या कानाला तो परका वाटत नाही. २० मे २०१९ पासून एका मोलातील कणांची संख्या ६.०२२१४०७६ गुणिले १० चा २३ वा घात, अशी कायम झाली आहे.

ठरावावाचून संपलेल्या सभा आम्हीही पुष्कळ पाहिल्या आहेत, आणि अशा सभेहून हिरमुसले होऊन घरीही गेलो आहोत. म्हणून पावेसीची आठवण आम्हांला मोलाची वाटते. सभा उठली तरी खिशातले पत्रक पुढच्या माणसाच्या हाती द्यावे. आणि कोणी वजनावरून तुमचा हिशेब मांडू लागला, तर आधी विचारावे : एका नगाचे वजन किती धरलेत, आणि ते ठरविले कोणी?