देवळावरचा घुमट

मागच्या डिसेंबरच्या सुट्टीत आम्ही कुलदैवताच्या दर्शनाला गोव्यात मंगेशीला गेलो होतो. सिंगापुरात जन्मलेल्या आमच्या कन्येने वर बघत विचारले, "बाबा, हा डोम आपल्या नॅशनल गॅलरीसारखा का आहे?" माझ्या आईला हा प्रश्न मुळीच रुचला नाही. मला मात्र तो सोडवेना.

मंगेश मूळचा कुशस्थळीचा, म्हणजे आजच्या कुठ्ठाळीचा. पोर्तुगीजांनी देवळे पाडायला घेतल्यावर १५६० साली भाविकांनी लिंग उचलून प्रियोळला नेले. तो भाग तेव्हा पोर्तुगीजांच्या ताब्याबाहेर होता. पुढे दोनच वर्षांनी, १५६२ मध्ये, जुन्या गोव्यात से कॅथेड्रलचे काम सुरू झाले आणि १६१९ पर्यंत चालले! त्याच्या जवळच सेंट कॅजेटन चर्च आहे. ते इटलीहून आलेल्या थिएटाइन पाद्र्यांनी सतराव्या शतकात रोमच्या सेंट पीटर्सच्या धर्तीवर बांधले.

आणि सेंट पीटर्सच्या घुमटामागे उभे आहे पँथिऑन, सम्राट हेड्रियनच्या काळातले रोमन देऊळ. सुमारे ४३ मीटर रुंदीचा त्याचा घुमट सळईविना काँक्रीटचा आहे. मास्टर्स करताना पाठीला सॅक लावून मी तिथे गेलो होतो. माथ्यावरच्या गोल झरोक्यातून पाऊस थेट आत पडत होता. देऊळ ६०९ साली चर्च झाले, म्हणून तर ते टिकले.

अठराव्या शतकात अंत्रुज महालात ऐसपैस देवळे उभी राहिली. कवळ्याच्या शांतादुर्गेचे देऊळ १७३८ चे, शाहू महाराजांचे मंत्री नारोराम यांच्या पुढाकाराने झालेले. या देवळांवर शिखराऐवजी अष्टकोनी बैठकीवरचा घुमट आला, भिंतींना कमानीच्या खिडक्या आल्या. विजापूरच्या घुमटांचाही यात वाटा आहे, पण खिडक्या आणि खांब सरळ चर्चचे. ज्यांच्या भीतीने देव हलवला, त्यांचीच बांधणी त्याच्या डोक्यावर! नॅशनल गॅलरीतले जुने सुप्रीम कोर्ट १९३९ चे, तेही त्याच रोमन घराण्यातले. म्हणजे कन्येची नजर चुकली नव्हती.

विमानतळावर जाताना झुआरी पुलानंतर कुठ्ठाळी लागते. गाडीत हे सगळे आईला सांगत होतो. तिने किती ऐकले कोण जाणे. कुठ्ठाळी आल्यावर मात्र तिने गाडी थांबवायला लावली, खाली उतरून नदीकडे तोंड करून हात जोडले आणि नातीलाही जोडायला लावले.