मतिमंद मुलें आणि घरचीं माणसें

ज्या घरांत एखादें मूल वयानें वाढतें, पण बुद्धीनें मागें राहतें, त्या घरच्या आईबापांस आम्ही शेजारीपाजारी बहुधा दोनच गोष्टी सांगतों: हा दैवाचा भोग आहे, किंवा मुलाला एखाद्या संस्थेंत ठेवून मोकळे व्हा. ह्यांपैकीं दुसरा सल्ला वाटतो तितका सनातन नाहीं. त्याची वाढ कशी झाली आणि आईबापांनीं त्याला काय उत्तर दिलें, हें इंग्लंडच्या इतिहासांत स्पष्ट दिसतें. तें आम्ही वाचकांपुढें ठेवूं इच्छितों.

१८५५ सालीं सरे परगण्यांत अर्ल्सवुड येथें अशा लोकांसाठीं मोठें आश्रयस्थान उघडलें, तेव्हां त्यांस कांहीं शिकवितां येईल ही आशा त्यामागें होती. पुढें सुप्रजाजननाच्या कल्पनेनें सुशिक्षितांच्या मनाचा ताबा घेतला आणि आशेच्या जागीं भीति आली. १९१३ च्या कायद्यानें ह्या लोकांस समाजापासून वेगळें ठेवण्याचा मार्ग मोकळा केला. १९४४ चा शिक्षणविषयक कायदा तर मुलांस शाळा मिळावी म्हणूनच झाला; परंतु 'शिक्षणास अपात्र' असा शिक्का बसलेल्या मुलास त्यांतहि शाळेचें दार बंदच राहिलें.

ज्यूडी फ्राइड ह्या बाईंच्या मुलीस अशीच शाळा मिळेना. १९४६ सालीं त्यांनीं एका मासिकांत पत्र लिहून समदुःखी पालकांस हांक दिली. त्यांतून जी संघटना उभी राहिली तीच आज 'मेनकॅप' ह्या नांवानें ओळखली जाते. १९५८ मध्यें ह्याच संघटनेच्या पाठबळावर जॅक टिझर्ड ह्या मानसशास्त्रज्ञांनीं इस्पितळांतील १६ मुलें ब्रुकलंड्स नांवाच्या घरांत आणून ठेवलीं. लहान गट, ओळखीचीं माणसें, खेळ आणि गप्पा. चांगल्या घरांत सहज असतें तेंच त्यांस मिळालें. दोन वर्षांत तीं मुलें इस्पितळांत राहिलेल्या मुलांपेक्षां बोलण्यांत बरींच पुढें गेलीं. म्हणजे जें बुद्धीचें न्यून समजलें जात होतें, त्यांतील कांहीं अंश इस्पितळानेंच घातलेला होता! पुढें १९७० च्या कायद्यानें 'अपात्र' हा शिक्का पुसला.

आपल्याकडेंहि, ज्या १९४४ सालीं इंग्लंडांत तें दार बंद राहिलें, त्याच सालीं मुंबईंत वकील दांपत्यानें आपल्या मुलीसाठीं शाळा काढली. ती 'जय वकील' शाळा आजहि चालू आहे.

ह्या इतिहासाचा अर्थ 'ज्याचें मूल त्यानेंच सांभाळावें' असा कोणी काढील, तर तो त्या आईबापांवर अन्याय होईल. मुलास टाकण्यास ते तयार नव्हते, तसेच एकटे पडण्यासहि तयार नव्हते. दिवसां शाळा, रात्रीं घर, एवढें मिळालें तरी त्यांच्या मनांत एक प्रश्न उरतोच: आमच्यामागें ह्याचें कोण? त्याचें उत्तर आईबापांजवळ नसतें. तें आम्हां शेजाऱ्यांनीं द्यावयाचें आहे.