टसरचा कोश आणि धडधडणाऱ्या पेशी

माट्टीचं झाड आपल्याला नवं नाही, गोव्याचा राज्यवृक्षच तो. देशावर त्याला ऐन म्हणतात, कानडीत मत्ती, तेलुगूत नल्ल मद्दी. (त्याचाच भाऊ अर्जुन, तो तेल्ल मद्दी.) नावावरून भाषांची सोयरीक कळते ती अशी. पण तेलंगणाच्या आदिलाबादकडे ही झाडं रेशमाच्या किड्याचं कुरण आहेत, हे आपल्याकडे फार कुणाला ठाऊक नसतं.

राजुरा आणि किनवट हे तालुके १९५६ पर्यंत आदिलाबादेतच होते, तेव्हा मराठी माणसाला हा मुलूख परका नव्हे. २०१६ साली जिल्ह्याचे चार जिल्हे झाले आणि टसरसाठी ओळखला जाणारा चेन्नूर-कोटपल्लीचा भाग मंचेरियालमध्ये गेला. प्राणहिता ओलांडली की गडचिरोली. तिथे टसरला कोसा म्हणतात आणि ढिवर कुटुंबं पिढ्यान्पिढ्या तो पिकवत आली.

तुतीचा किडा घरात वाढतो, टसरचा उघड्या रानात. पावसाळ्यात अळ्या झाडावर सोडायच्या आणि पाखरं, मुंग्या यांच्यापासून त्या राखत बसायचं. अळी फांदीला देठाची कडी घालते आणि तिला टणक, भुरा कोश टांगते. तुतीच्या रेशमाची झळाळी या धाग्याला नाही.

आता जरा शास्त्राकडे वळू. शस्त्रवैद्य रेशमाने टाके घालत आले त्याला खूप काळ लोटला. १९९३ साली लँगर आणि व्हॅकांटी यांनी 'सायन्स' नियतकालिकात ऊती-अभियांत्रिकीची मांडणी केली, आणि रेशमाकडे दोऱ्यापलीकडचं काम येण्याची वाट मोकळी झाली. कल्पना तशी साधी. दोडक्याच्या वेलाला मांडव लागतो, तसा पेशींनाही आधार लागतो. सच्छिद्र सांगाडा करायचा, त्यावर पेशी वाढवायच्या, पुढे सांगाडा हळूहळू विरून जावा.

पण पेशी कशालाही चिकटत नाहीत. त्या काय धरतात, याचा शोध १९८४ मध्ये पियर्सबाकर आणि रुओस्लाहती यांनी लावला: आर्जिनीन, ग्लायसीन, ॲस्पार्टिक आम्ल ही तीन अमिनो आम्लं ओळीने आली की पेशीला पकड मिळते. तुतीच्या रेशमात ही जोडणी नाही. टसरमध्ये ती निसर्गतःच आहे! रानात वाढलेल्या या किड्याने प्रयोगशाळेतल्या लोकांचं एक काम आधीच करून ठेवलं होतं.

अडचण एकच, टसरचा कोश इतका चिवट की तुतीच्या कोशासारखा सहज विरघळत नाही. आयआयटी खरगपूरचे सुभाष कुंडू आणि बिमान मंडल यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कामात प्रथिन थेट अळीच्या रेशीमग्रंथींतून घेतलं, म्हणजे कोश विणण्याआधीच. २०१२ मध्ये जर्मन संशोधकांबरोबरच्या प्रयोगात अशा सांगाड्यावर उंदराच्या हृदयाच्या पेशी ठेवल्या. त्या चिकटल्या, एकमेकींशी जुळल्या आणि सुमारे वीस दिवस एका तालात धडधडत राहिल्या. (कुंडू पुढे पोर्तुगालच्या मिन्हो विद्यापीठात गेले. आपल्याला पोर्तुगाल असाही भेटतो.)

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतूनही सेरिजेन ही कंपनी निघाली, हाडातली पोकळी भरायला रेशमाचं प्रथिन वापरायचं म्हणून. ते काम तुतीच्या रेशमावरचं.

मला खटकतं ते निराळंच. असल्या शोधनिबंधांत किड्याचं शास्त्रीय नाव अचूक असतं, अँथेरिया मायलिट्टा. पण भर पावसात त्या झाडाखाली बसणारा माणूस त्यात कुठेच नसतो. त्याच्याकडे पतंगाने भोक पाडलेले कोश पडून असतात. त्यांतून अखंड धागा निघत नाही, म्हणून भाव कमी. कोशच विरघळवण्याचे प्रयोगही आता झालेत, आणि विरघळवायचाच असेल तर भोकाने काय बिघडतं?