पडद्यावर आलेला श्रमिक : नगर आणि कोरिया



हमाल, विडी कामगार आणि साखर कारखान्यांतील हंगामी कामगार यांच्या संघटनेत ज्याची तीस वर्षे गेली, त्याने चित्रपटावर, आणि तेही थेट कोरियातल्या चित्रपटांचा दाखला घेऊन का बोलावे, असा प्रश्न आपल्यापैकी अनेकांच्या मनात आला असेल. त्याचे उत्तर सरळ आहे. श्रम कोण करतो, किती वेळ करतो, त्याचे त्याला काय मिळते आणि तो करीत असताना लोक त्याच्याकडे कोणत्या नजरेने पाहतात, हे चार प्रश्न ज्याला विचारता येतात त्याला कोणत्याही गोष्टीचा इतिहास वाचता येतो. मी शाळा लवकर सोडली. पुढचे शिक्षण वाचनालयात, मोर्च्यात आणि कामगार न्यायालयाच्या बाकावर झाले. तेथे हे चार प्रश्न मला मिळाले. आज तेच मी चित्रपटाला विचारणार आहे.

माझे म्हणणे थोडक्यात असे. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत कोरियात आणि आपल्या या नगर जिल्ह्यात, ज्याचे नाव २०२४ पासून अहिल्यानगर झाले आहे, राबणारा माणूस पडद्याच्या मध्यभागी आला. तो तेथे आपोआप आला नाही. त्यामागे शिक्षण होते, कायदा होता आणि काही ठिकाणी संघटनाही होती. यांतले आपल्याकडे काय आहे आणि काय नाही, हे पाहणे हा आजच्या व्याख्यानाचा हेतू आहे.

मराठी माणसाने चित्रपटात कष्टकरी पाहिलाच नव्हता असे नाही. बाबुराव पेंटरांचा 'सावकारी पाश' १९२५ सालचा. कर्जापायी जमीन गमावलेला शेतकरी शहरात गिरणीत मजुरीला जातो, ही कथा मूकपटाच्या काळात कोल्हापूरच्या कलावंतांनी सांगितली. नगरचा संबंध त्यानंतर लवकरच येतो. १९१८ साली नगरात एका ख्रिस्ती कुटुंबात जन्मलेले शाहू मोडक हे 'प्रभात'च्या 'माणूस' या १९३९ सालच्या चित्रपटात साध्या पोलीस शिपायाची भूमिका करताना दिसतात, आणि पुढच्याच वर्षी 'संत ज्ञानेश्वर'मध्ये ज्ञानेश्वरांची. ज्ञानेश्वरी ज्या नेवाशात सांगितली गेली ते नेवासेही याच जिल्ह्यातले. नगरच्या ख्रिस्ती मुलाने पडद्यावर ज्ञानेश्वर व्हावे आणि महाराष्ट्राने त्याला हात जोडावेत, ही आपल्या जिल्ह्याला अभिमान वाटावी अशीच गोष्ट आहे.

पुढे सहकारी साखरेचे युग आले. १९५० साली प्रवरेकाठी सहकारी कारखाना उभा राहिला आणि त्याच्या मागोमाग जिल्ह्याचे राजकारण, शिक्षण, सोयरिकी, सारेच बदलले. चित्रपटाने याची नोंद १९७४च्या 'सामना'मध्ये घेतली. जब्बार पटेल यांचे दिग्दर्शन, विजय तेंडुलकरांचे लेखन, निळू फुले यांचा हिंदुराव आणि डॉ. लागूंचा मास्तर. साखरेच्या सत्तेला एवढा रोखठोक प्रश्न मराठी पडद्यावर क्वचितच विचारला गेला असेल. तरीही एक गोष्ट लक्षात घ्यावी. त्या चित्रपटात सत्ताधीश आहे आणि त्याला जाब विचारणारा सुशिक्षित मास्तर आहे. फडात कोयता चालविणारी जोडी मात्र कथेच्या मध्यभागी नाही. गरिबाविषयी बोलणे आणि गरिबाने बोलणे यांतले हे अंतर ओलांडायला आणखी चार दशके लागली.

२००४ साली 'श्वास'ला राष्ट्रीय सुवर्णकमळ मिळाले. १९५३च्या 'श्यामची आई'नंतर पन्नास वर्षांनी मराठीला हा मान मिळाला आणि तरुण दिग्दर्शकांना धीर आला. 'टिंग्या', 'गाभ्रीचा पाऊस', 'विहीर' असे चित्रपट एकामागून एक आले. १९८२च्या गिरणी संपाने उद्ध्वस्त झालेल्या कुटुंबाची कथा जयंत पवारांच्या 'अधांतर' नाटकावरून 'लालबाग परळ'मध्ये २०१० साली आली. याच सुमारास नगरमध्ये एक वेगळी घडामोड होत होती.

नगरच्या न्यू आर्ट्स महाविद्यालयात संज्ञापन विद्येचा अभ्यासक्रम चालतो. करमाळा तालुक्यातील जेऊरचा, वडार समाजातला नागराज मंजुळे हा तरुण कवी तेथे शिकावयास आला. अभ्यासक्रमाचा भाग म्हणून त्याने 'पिस्तुल्या' हा लघुपट केला. शाळेची ओढ असलेल्या गरीब मुलाची ती गोष्ट. तिला राष्ट्रीय पारितोषिक मिळाले. याच महाविद्यालयातून श्रीगोंदे तालुक्याकडचा भाऊराव कऱ्हाडे बाहेर पडला. दगड फोडणाऱ्याचा मुलगा आणि शेतकऱ्याचा मुलगा, दोघांना कॅमेरा हाती धरावयास पुण्यामुंबईच्या नामांकित संस्थेत जावे लागले नाही, एस. टी.च्या पासावर पोहोचता येईल अशा गावी ती विद्या मिळाली. मोठी चळवळ कधीकधी अशा एका वर्गखोलीतून सुरू होते.

१४ फेब्रुवारी २०१४ रोजी 'फॅन्ड्री' प्रदर्शित झाला. नगरपासून जवळच्या अकोळनेर गावात ही कथा घडते. फॅन्ड्री म्हणजे कैकाडी बोलीत डुक्कर. कैकाडी समाजाला इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातींच्या यादीत घातले होते. १९५२ साली तो कायदा रद्द झाला, परंतु गावाची नजर रद्द झाली नाही. हाच समाज विदर्भात अनुसूचित जातींत मोडतो आणि उरलेल्या महाराष्ट्रात विमुक्त जातींत. जिल्हा ओलांडला की माणसाचा कागदोपत्री दर्जा बदलतो. गावकुसाबाहेरचे घर तेवढे बदलत नाही.

या चित्रपटातला जब्या हा शाळकरी मुलगा वर्गातल्या शालूवर मनोमन प्रेम करतो. काळी चिमणी मिळाली की प्रेम मिळेल, या समजुतीने तो रानोमाळ हिंडतो. त्याच्या बापाचे नाव कचरू, आणि किशोर कदम यांनी तो असा उभा केला आहे की वाकलेल्या पाठीवरून त्याचे सारे आयुष्य वाचता यावे. चित्रपटाच्या अखेरच्या भागात सारे कुटुंब गावासाठी डुक्कर धरावयास निघते. दिग्दर्शकाने हे काम दोन क्षणांत उरकलेले नाही. दोरी, फास, धावाधाव, चिखल, पुन्हा फास, आणि बांधावर उभे राहून हसणारा गाव, हे सारे आपल्याला बराच वेळ पाहावे लागते. कामाला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ पडद्याने द्यावा, ही माझ्या मते या चित्रपटाची सर्वांत मोठी गोष्ट आहे. घाम कॅमेऱ्याला दिसतो, पण लाज दिसावयास वेळ द्यावा लागतो. डुक्कर हाताशी आले असतानाच शाळेत राष्ट्रगीत सुरू होते. कुटुंब जागच्या जागी ताठ उभे राहते आणि डुक्कर निघून जाते. पुढे मेलेले डुक्कर काठीला बांधून बापलेक ज्या भिंतीवरून जातात, तिच्यावर डॉ. आंबेडकर आणि सावित्रीबाईंची चित्रे आहेत. येथे कोणी भाषण करीत नाही. त्याची गरजच राहत नाही.

शेवटी चिडलेला जब्या दगड उचलतो आणि थेट आपल्या दिशेने फेकतो. जब्याची भूमिका करणारा सोमनाथ अवघडे हा पूर्वी कधी अभिनय न केलेला मुलगा. त्याला उत्कृष्ट बालकलाकाराचे राष्ट्रीय पारितोषिक मिळाले, आणि दिग्दर्शकाला पदार्पणाचे.

कऱ्हाडे यांचा 'ख्वाडा' २०१५च्या ऑक्टोबरात लोकांसमोर आला. ख्वाडा म्हणजे अडथळा, खोडा. जमिनीचा खटला वर्षानुवर्षे लढणारा, मेंढरे घेऊन या रानातून त्या रानात फिरणारा धनगर बाप आणि लग्नाचे, कुस्तीचे स्वप्न पाहणारा त्याचा मुलगा, अशी ही कथा. जो गावचा नाही त्याला प्रत्येक गावात परवानगी मागावी लागते, आणि परवानगी देणारा प्रत्येक जण थोडा मालक होतो, हे यात नेमके दाखविले आहे. मेंढरांचे ओरडणे, वारा, बोली, सारे चित्रीकरणाच्या जागीच मुद्रित केले होते, आणि त्या ध्वनिमुद्रणाला राष्ट्रीय पारितोषिक मिळाले. चित्रपटाला परीक्षकांचे विशेष पारितोषिक लाभले. परंतु त्यासाठी दिग्दर्शकाने आपली शेतजमीन विकली होती. जमीन गमावलेल्या माणसाची कथा सांगावयास जमीन विकावी लागावी, यावरून आपल्या व्यवस्थेची परीक्षा करता येते.

आता कोरियाकडे वळू. हा देश आपल्यापेक्षा फार लहान. १९८७ पर्यंत तेथे लष्करी वळणाची हुकूमशाही होती. त्या वर्षी आधी लोकशाहीसाठी जनता रस्त्यावर आली आणि लगोलग उन्हाळ्यात कारखान्या-कारखान्यांतून कामगार उठले. १९९६ साली तेथील घटना न्यायालयाने चित्रपटांची पूर्वपरीक्षण पद्धत घटनाबाह्य ठरविली. म्हणजे ज्या चित्रपटांचे आज जगभर कौतुक होते, त्यांच्या मागे आधी झालेला लढा आहे.

२००२ साली तेथे 'द वे होम' आला. शहरातला हट्टी नातू आणि डोंगरातल्या खेड्यात राहणारी त्याची मुकी आजी, एवढीच कथा. आजीची भूमिका कधी अभिनय न केलेल्या एका खेडूत वृद्धेने केली; सोमनाथची गोष्ट आठवावी ती येथे. त्याच वर्षी ली चांग-दोंग यांच्या 'ओअ‍ॅसिस'चा व्हेनिसच्या महोत्सवात गौरव झाला. हे गृहस्थ आधी शाळामास्तर, मग कादंबरीकार, मग दिग्दर्शक. २००३-०४ मध्ये ते देशाचे सांस्कृतिक मंत्रीही होते. त्यांच्या २०१०च्या 'पोएट्री'मध्ये एक वयस्क स्त्री पक्षाघात झालेल्या म्हाताऱ्याची सेवा करून पोट भरते आणि कवितेच्या वर्गाला जाते. आपला नातू एका मुलीच्या मरणाला कारण असलेल्या गुन्ह्यात सामील होता, हे तिला कळते. इतर मुलांचे बाप पैसे देऊन प्रकरण मिटवू पाहतात. आपल्या गावांतल्या 'मिटवामिटवी'शी ज्यांचा संबंध आला आहे त्यांना ही कथा परकी वाटणार नाही. २०१४चा 'कार्ट' तर आमच्या धंद्यातलाच. मोठ्या दुकानातल्या कंत्राटी बायकांना एका फटक्यात कामावरून काढले जाते, आणि ज्या कधी घोषणा द्यायला शिकल्या नव्हत्या त्या संघटना बांधतात. हे २००७ साली तेथे खरोखर घडलेल्या लढ्यावर आधारलेले आहे.

हे चित्रपट लोकांपर्यंत पोहोचले कसे? तेथे प्रत्येक चित्रपटगृहाने वर्षातून १४६ दिवस देशी चित्रपट दाखविलाच पाहिजे असा नियम होता. २००६ साली अमेरिकेशी व्यापार कराराच्या वाटाघाटी करण्यासाठी सरकारने ते दिवस ७३ वर आणले. त्या वेळी नावाजलेले नट रस्त्यावर उतरले. चोई मिन-सिक या नटाने सरकारने दिलेले मानचिन्ह परत केले. त्याच सुमारास, २००५ साली, तेथील चित्रपट कामगारांनी आपली संघटना स्थापन केली. दिवे धरणारे, रंगभूषा करणारे, सामान वाहणारे अशा लोकांसाठी लेखी करार आणि कामाचे ठराविक तास ही त्यांची मागणी. २०१९ साली बोंग जून-हो यांच्या 'पॅरासाइट'ला कान येथे सर्वोच्च मान मिळाला, आणि पुढच्या वर्षी ऑस्करही. मालकाच्या नाकाला नोकराच्या अंगाचा वास खुपतो, हे त्यातले शल्य. तो चित्रपट करताना तंत्रज्ञांशी रीतसर प्रमाणित करार करून, कामाचे तास पाळून काम केले होते, ही गोष्ट मला त्या पारितोषिकाइतकीच मोलाची वाटते.

आपल्याकडे काय आहे? २०१५च्या एप्रिलमध्ये महाराष्ट्र शासनाने मल्टिप्लेक्सना मुख्य वेळेत मराठी खेळ सक्तीचा केल्याचे जाहीर केले. थोड्याच दिवसांत ती मुख्य वेळ दुपारी बारा ते रात्री नऊ अशी सैल झाली. दुपारी बाराला ज्याला सुटी असते तो मजूर मी तरी पाहिलेला नाही. कामगारांपुरते पाहावयाचे तर संसदेने १९८१ साली सिने-कामगारांसाठी कायदा केला आणि त्यात लेखी करार आवश्यक ठरविला. विडी कामगारांचा कायदा १९६६चा. हे दोन्ही कायदे २०२०च्या एकाच संहितेत विलीन करण्यात आले. विडी वळणारी संगमनेरची बाई आणि चित्रीकरणात दिवा धरणारा मुलगा कायद्याच्या पुस्तकात एका पानावर आले आहेत. ते एका मोर्च्यात अजून आलेले नाहीत.

शेवटी एक कटू गोष्ट सांगितली पाहिजे. 'फॅन्ड्री' प्रदर्शित होऊन अडीच महिनेही झाले नव्हते, तोच २८ एप्रिल २०१४ रोजी याच जिल्ह्यात, जामखेड तालुक्यातील खर्डा येथे, शाळेत शिकणाऱ्या सतरा वर्षांच्या एका दलित मुलाचा खून झाला. वरच्या जातीतल्या मुलीशी तो बोलला, असे कारण सांगितले गेले. साक्षीदार फिरले आणि २०१७च्या नोव्हेंबरात नगरच्या न्यायालयातून आरोपी सुटले. चित्रपटाने जे आधीच दाखविले ते अडविणे चित्रपटाच्या हाती नव्हते. ते साक्षीदाराच्या हाती होते, शाळेच्या हाती होते, आमच्यासारख्या संघटनांच्या हाती होते. साक्षीदार एकटा असला की फिरतो. त्याच्या पाठीशी शंभर माणसे उभी असली की तो फिरत नाही, हा माझा संघटनेतला अनुभव आहे.

म्हणून माझ्या तीन मागण्या आहेत. तालुक्याच्या महाविद्यालयांतून चित्रपट शिकविला जावा, म्हणजे ऊसतोड मजुराच्या मुलीला आपली कथा सांगण्यासाठी बापाचे छप्पर विकावे लागणार नाही. मराठी चित्रपटाचा खेळ कष्टकऱ्याच्या सुटीच्या वेळी, त्याला परवडेल अशा दरात लागावा. आणि पडद्यामागे राबणाऱ्या प्रत्येकाच्या हाती लेखी करार असावा. जब्याने फेकलेला दगड आपल्यापैकी प्रत्येकाच्या अंगणात येऊन पडलेला आहे. तो उचलून पायात घालावयाचा की तसाच पडू द्यावयाचा, हे ठरविण्याचे काम मी आपणांवर सोपवितो आणि आपली रजा घेतो.